घेताना एक माप, देताना एक माप

(डिसेंबर २०२२ मध्ये वणी येथे झालेल्या गाव-प्रतिनिधींच्या बैठकीतलं भाषण. पाड्यापाड्यावर वाचून दाखवता यावं म्हणून बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)

इथे बसलेल्या आज्या, आबा, मावश्या, दादा, वहिनी आणि माझ्या बरोबरीच्या पोरापोरींनो. डोंगऱ्यादेवाचे दिवस आत्ताच सरले. कित्येक जण अजून उपासाचे थकलेले आहेत. कित्येक बाया द्राक्षाच्या बागेतला रोज बुडवून इथे आल्यात. म्हणून मी लांबण लावणार नाही. मी बारावी शिकलेली आहे, वकील नाही. पण तीन वर्षं गावातल्या लोकांबरोबर कोर्टाच्या ओट्यावर बसून जे बघितलं आणि जे वाचलं, ते सांगते.

वणीचा बाजार तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आपले म्हातारे सांगायचे, खुरासणी विकायला नेली की व्यापाऱ्याचं माप मोठं असायचं. त्याच्याकडून मीठ, तेल घेतलं की माप बारीक व्हायचं. तागडी एकच, दुकान एकच, शेठ पण एकच. फक्त वजनं दोन. घेताना एक माप, देताना एक माप. आज मला व्यापाऱ्याचं नाही, शिक्षेचं माप सांगायचं आहे. गुन्हा आपल्या हातून झाला तर माप कोणतं, आणि गुन्हा आपल्यावर झाला तर माप कोणतं?

आधी घरातली गोष्ट सांगते. मी सातवीत होते. पावसात आमच्या काकांच्या घराची भिंत बसली, आढं मोडलं. काकांनी रानातून सागाचं एक लाकूड आणलं, विकायला नव्हे, आढ्याला. वाटेत धरलं. लाकूड गेलं, बैलगाडी गेली, कुऱ्हाड गेली. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. पुढे कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. एका तारखेला एक रोज बुडायचा, वर जीपभाडं. अकरा तारखा झाल्या. बाराव्या तारखेला दारातच कुणीतरी काकांना सांगितलं, “कबूल म्हण, सुटशील.” काका आत गेले आणि म्हणाले, “कबूल.” कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड झाला. काका खुशीत घरी आले, सुटलो म्हणाले. पण सुटले नव्हते. त्या दिवसापासून ते कागदोपत्री शिक्षा झालेले गुन्हेगार झाले. पुढे रानात काहीही झालं की पहिली चौकशी त्यांच्या दारात.

त्याच वर्षी त्याच रस्त्याने रात्री भरलेले ट्रक जाताना आम्ही पोरांनी बघितले आहेत. कुणाचे ते मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी नाव घेत नाही. पण एवढं सांगते, त्या बाराही तारखांना कोर्टाच्या ओट्यावर मला ट्रकवाला कधी दिसला नाही. तिथे डोक्यावरच्या मोळीवाले होते, गाडीवाले होते, अंगठेवाले होते.

आता म्हणाल, पोरी, कायदा तर सगळ्यांना सारखाच. नाही. पुस्तक उघडून बघू.

१९२७ चा भारतीय वन कायदा. इंग्रजाने केला, अजून चालू आहे. राखीव जंगलात शिरून झाड तोडलं, जमीन फोडली, तर मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याचं कलम ६९ ध्यानात ठेवा. जंगलातली वस्तू सरकारची की दुसऱ्याची असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारची धरली जाते. म्हणजे आपल्या बांधावरच्या झाडाचं लाकूड जरी असलं, तरी ते आपलं आहे हे आपण दाखवायचं. बाकीच्या जगात चोरी झाली हे सरकारने सिद्ध करायचं असतं. इथे चोरी नाही केली हे गरिबाने सिद्ध करायचं.

आता दुसरं पुस्तक. २००६ चा वनहक्क कायदा, आपण मोर्चे काढून, जेल भोगून मिळवलेला. त्यात कलम ४ पोटकलम ५ आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. समजा कुणा अधिकाऱ्याने हे मोडलं, उभ्या नागलीत जनावरं घातली, झोपडी पाडली. त्याला शिक्षा काय? कलम ७ मध्ये लिहिलंय, १००० रुपयांपर्यंत दंड. कैद नाही, एक दिवसाची सुद्धा नाही. आणि तो दंड व्हावा म्हणून आधी ग्रामसभेने ठराव करून राज्य पातळीवरच्या देखरेख समितीला ६० दिवसांची नोटीस द्यायची.

म्हणजे बघा. आपण एक लाकूड आणलं तर सहा महिने. साहेबाने आपलं घरदार मोडलं तर हजार रुपये, तेही साठ दिवस वाट बघून. ही दोन मापं कुणा वाईट माणसाच्या मनात नाहीत, कायद्याच्या पुस्तकातच छापलेली आहेत.

एक जण मघाशी म्हणाले, जज लोक वाईट असतात. मी तसं म्हणत नाही. जजसमोर जे येतं त्यावर तो लिहितो. पण समोर काय येतं, ते खाली ठरतं. कुणाला धरायचं ते खाली ठरतं. कागदावर काय लिहायचं ते खाली ठरतं. जामीन कुणाला परवडतो, वकील कुणाला मिळतो, कोर्टाची भाषा कुणाला समजते, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. शिक्षेचा आकडा फक्त शेवटी येतो.

आता आपल्याच राज्यातल्या दोन गोष्टी.

पहिली गोष्ट. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज, तेव्हाचा चांदा जिल्हा. मथुरा नावाची आदिवासी मजूर पोर. वय चौदा-सोळाच्या मधलं. तक्रारीसाठी तिला पोलीस ठाण्यात नेलेलं, घरची माणसं बाहेर उभी, आणि ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. १९७४ मध्ये सेशन कोर्टाने दोघांना सोडलं आणि उलट त्या पोरीच्या वागणुकीवरच बोट ठेवलं. १९७६ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांनाही सोडलं. कारण काय, तर अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ओरडली नाही. ठाण्यात, रात्री, दोन वर्दीवाल्यांपुढे एक आदिवासी पोर किती ओरडेल, हा ईचार झाला नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं. १९८० मध्ये गावोगाव बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत असं झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं, आणि शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. मथुराला स्वतःला काही मिळालं नाही. पण तिच्यामुळे पुढच्या बायांचं माप बदललं. म्हणून मी तिचं नाव इथे घेते.

दुसरी गोष्ट जालना जिल्ह्यातली. ५ जून २००३ ची रात्र. शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली, बायामुलींवर अत्याचार झाला. फार वाईट गुन्हा. ज्याने केला त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती, यात दुमत नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले. खालच्या कोर्टाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सांगितली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अज्ञान पोर होता, हे नंतर उघड झालं.

मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हे सहाही जण निर्दोष आहेत. का? वाचलेल्या साक्षीदार बाईने गुन्ह्यानंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या फोटोंमधून दुसरीच चार माणसं ओळखली होती. त्या चौघांची चौकशीच केली नव्हती, आणि तो कागद पुढे आला नव्हता. सोळा वर्षं ही माणसं आत राहिली, त्यातली कित्येक फाशीच्या दोराकडे बघत. कोर्टाने राज्य सरकारला प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला लावले आणि चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधून खात्यामार्फत कारवाई करा म्हणून सांगितलं.

आता तागडी धरा हातात. एका पारड्यात सहा माणसांची सोळा सोळा वर्षं. दुसऱ्या पारड्यात खात्याची कारवाई, ती पण माणूस नोकरीवर असेल तर. कुठलं पारडं खाली जातं, ते तुम्ही सांगा. आणि ज्यांनी ती पाच माणसं मारली? चुकीची माणसं धरली म्हणून खरे मोकळे राहिले. मेलेल्यांनाही न्याय नाही. दोन मापांचा तोटा फक्त धरलेल्याला होतो असं समजू नका, सगळ्यांनाच होतो.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. जगात पॅलेस्टाईन म्हणून मुलूख आहे, त्याचं नाव रेडिओवर, मोबाईलवर तुम्ही ऐकता. त्यातला वेस्ट बँक नावाचा डोंगराळ भाग १९६७ पासून इस्रायलच्या सैन्याच्या ताब्यात आहे. तिथे एकाच टेकडीवर शेजारी शेजारी दोन वस्त्या. पॅलेस्टिनी माणसावर खटला झाला तर तो सैनिकी कोर्टात. शेजारच्या इस्रायली वसाहतीतल्या माणसावर झाला तर तो साध्या नागरी कोर्टात, सगळ्या हक्कांसकट. जमीन एक, कायदे दोन. डिसेंबर २०१७ मध्ये अहद तमीमी नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीने आपल्या अंगणात आलेल्या सैनिकाला थप्पड मारली. तिला आठ महिने कैद झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, हेब्रॉन गावात एका पॅलेस्टिनी माणसाने सैनिकावर चाकूने वार केला. त्याला गोळी लागली, तो जखमी होऊन रस्त्यावर पडला. काही मिनिटांनी दुसऱ्या एका सैनिकाने त्या पडलेल्या माणसाच्या डोक्यात गोळी घातली. त्या सैनिकाला अठरा महिने शिक्षा झाली, ती चौदावर आणली, आणि नऊ महिन्यांत तो बाहेर आला. थप्पड आठ महिने, जीव नऊ महिने.

त्या पोरीने आठ महिने कसे घेतले माहीत आहे? तडजोड करून, काही आरोप कबूल करून. लढत बसली असती तर आणखी किती दिवस आत, ठाऊक नाही. म्हणून मला वाचताना माझे काका आठवले. “कबूल म्हण, सुटशील.” समुद्रापलीकडे पण तेच वाक्य.

आता आकडा सांगते, एकच. २०११ च्या जनगणनेत देशात आदिवासी १०० मध्ये साधारण साडेआठ. आणि सरकारचाच २०१९ चा तुरुंगाचा अहवाल सांगतो, शिक्षा झालेल्या कैद्यांत आदिवासी १०० मध्ये साडेतेरा. आपण काय जास्त गुन्हे करणारी जात आहोत? इंग्रज तसंच म्हणायचा. १८७१ मध्ये त्याने कायदाच केला, काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण डोक्यातनं गेला नाही.

गेल्या महिन्यात, २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला दिल्लीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बोलल्या. त्या आपल्यातल्याच, संथाळ. समोर मोठमोठे जज बसलेले. त्यांनी सांगितलं की बारीकसारीक गुन्ह्यात गरीब माणसं वर्षानुवर्षं आत पडलेली असतात, आणि सोडवायचं तर घरातली भांडी विकायची वेळ येते म्हणून घरचे पुढे येत नाहीत. भांडी विकणं म्हणजे काय, हे त्या खोलीत किती जणांना समजलं असेल? आपल्याला सांगावं लागत नाही.

मग करायचं काय? नुसतं रडायला मी तुम्हाला बोलावलं नाही. आपली मागणी अशी नाही की दुसऱ्यालाही फाशी द्या, दुसऱ्यालाही कुटा. आपली मागणी एका मापाची आहे. त्यासाठी ही कामं प्रत्येक पाड्यावर करायची.

पहिलं. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, सही नाही. पंचनामा वाचून दाखवा म्हणायचं. गावातल्या शिकलेल्या पोराने किंवा पोरीने शेजारी उभं राहायचं. जप्त केलेल्या वस्तूची पावती मागायची.

दुसरं. “कबूल” हा शब्द वकिलाशी बोलल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कबूल करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे आदिवासीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. एक अर्ज लिहायचा. मी लिहून देते, आपली पोरं लिहून देतील.

तिसरं. अटक झाली तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच लागतं. जामीनपात्र गुन्हा असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायला पाहिजे, असं कायद्यात आहे. हे जजसाहेबांना आपण सांगायला घाबरायचं नाही.

चौथं. जुन्या दंडाच्या पावत्या फेकू नका. आपल्या बापजाद्यांनी जंगल जमीन कसली म्हणून जे दंड भरले, त्याच पावत्या आज वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून कामाला येतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला त्यासारखा कागद नाही. ज्यांनी शिक्षा केली त्यांनीच आपली साक्ष लिहून ठेवली. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. कोर्टाचे निकाल पण ठेवा.

पाचवं, आणि हे कुणी सांगत नाही. त्याच १९२७ च्या कायद्यात कलम ६२ आहे. विनाकारण, त्रास द्यायला म्हणून कुणी वन किंवा पोलीस अधिकाऱ्याने माल जप्त केला, तर त्याला पण सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपये दंड. बघा, इथे माप सारखं आहे. आणि ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलंय की आदिवासीच्या वनहक्कात अडथळा आणला, पीक मोडलं, खोटी केस घातली, तर सहा महिने ते पाच वर्षं. म्हणजे सारखं माप पुस्तकात थोडं का होईना आहे. पण इथे बसलेल्यांपैकी कुणी कलम ६२ ची तक्रार केलेली आहे? हात वर करा. (कुणाचा हात वर झाला नाही.) बघा. आपण पण हे वजन कधी तागडीत टाकलं नाही.

आणि शेवटचं जरा कडू बोलते, राग मानू नका. गावच्या पंचात आपण कोणतं माप वापरतो? घरंदाज माणसाच्या पोराने चूक केली तर “पोरगं आहे, सोडा”. एकट्या बाईने, विधवेने केली तर दंड, वाळीत टाकणं, अंगावर धावून जाणं. सरकारला एक माप मागायचं आणि घरात दोन वापरायची, हे चालणार नाही. पुढची ग्रामसभा होईल तेव्हा आधी ह्यावर बोलू. निम्म्या बाया समोर बसलेल्या पाहिजेत, मागे भिंतीला टेकून नव्हे.

राघोजी भांगरे आपल्याच डोंगरातला. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. सावकार आणि इंग्रजाविरुद्ध उठला म्हणून तो गुन्हेगार. ज्या सावकारांनी जमिनी गिळल्या, ते मात्र सावकारच राहिले. तेव्हापासून ही दोन मापं चालू आहेत. ती एका भाषणाने मोडणार नाहीत. पण एक अंगठा कोऱ्या कागदावर पडायचा थांबला, एक “कबूल” तोंडातच अडला, एक अर्ज वेळेवर गेला, तर एक वजन बदललं असं समजा.

माझे काका आज इथे मागे बसलेत. काल रात्री मी त्यांना विचारलं, तुमची गोष्ट सांगू का सगळ्यांपुढे? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सांग. पण एवढं सांग की ते लाकूड आढ्याला होतं.” बारा वर्षं झाली. कोर्टात त्यांना हे वाक्य कुणी बोलू दिलं नाही, विचारलंही नाही. म्हणून आज तुमच्यासमोर त्यांच्या वतीने सांगते. ते लाकूड आढ्याला होतं.

जोहार. जय आदिवासी. जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची.